कारणाचा रकाना

जळगाव,
सोमवार, दि. ११ ऑगस्ट २०२५

आदरणीय बोरसे सर यांस,
नूतनचा नमस्कार.

आपल्यासारख्या वडीलधाऱ्या गुरुजनांना पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल प्रथम क्षमा मागते. माझी तेवढी पात्रता नाही, हे मला ठाऊक आहे. "फोनच करी ले," असे माझे अप्पा म्हणाले होते. परंतु फोनवर माझा आवाज फुटत नाही, हे आपण जाणताच. दहावीत केंद्रात पहिली आले, तेव्हा सत्काराला उत्तर देताना मी दोन वाक्यांवर अडले आणि उरलेली आठ वाक्ये आपणच माझ्या कागदावरून वाचून दाखवली होती. लिहिताना मात्र मी सहसा अडत नाही.

मी येथे खुशाल आहे. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला राज्यशास्त्र घेतले. खोलीत वरणगावची एक मुलगी सोबतीला आहे. ती पहाटेपासून मोठ्याने पाठांतर करते, त्यामुळे तिचे सगळे सन मलाही पाठ झाले आहेत. शाळेवर नवीन पत्रे पडले, मुलींसाठी पाण्याची टाकी आली, हे अप्पांकडून कळले. आनंद वाटला.

आपला निरोपही त्यांनीच दिला. पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात प्रार्थना मंडपाचे उद्घाटन आहे, मूर्ती आली आहे, आणि पहिला नारळ माझ्या हातून फुटावा अशी आपली इच्छा आहे. अप्पा सांगत होते, "सर म्हनतस, नूतन परीस चांगली पोर या शाळाले भेटनीच नई."

सर, मी येणार नाही. हे अप्पांना अजून सांगितलेले नाही. आधी आपल्याला सांगते आहे.

कारण लिहायला हवे. कारणाचा रकाना मोकळा सोडण्याची माझी जुनी सवय फार महाग पडली आहे, आणि तिची किंमत मी मोजलेली नाही.

गेल्या मंगळवारी मोतीबाई वसतिगृहाच्या फाटकाशी येऊन बसल्या होत्या. सोनल पावराची आई, आंबापाड्याची. सोनल दहावीत माझ्या बाकावर बसत असे, हे आपल्याला आठवत असेल. सातपुड्याच्या पायथ्यापासून तीन गाड्या बदलून त्या आल्या होत्या. मी त्यांना पाणी दिले. त्यांनी ते खाली ठेवले आणि विचारले, "मी शाळामा दोनदा गऊ. सरनी वही काढी, बोट ठीसन दखाडं. म्हनेत, हाई नूतननं अक्षर शे, ती पोर खोटं लिखाव नई. माले वाचता येत नई, बेटी. तू काय लिखेल शे?"

त्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला देते आहे, कारण त्याची गरज आपल्याला अधिक आहे.

सोनल शाळेतून गेल्यावर दहावी आणि बारावी दोन्ही बाहेरून, सतरा नंबरचा फॉर्म भरून उत्तीर्ण झाली. आता धुळ्याला नर्सिंगच्या प्रवेशात तिचे नाव लागले आहे. मूळ दाखला आपल्याच शाळेचा, आणि त्यावर 'वर्तणूक' या शब्दापुढे आपल्या हातचे 'असमाधानकारक' आहे. तेथील खिडकीवरच्या बाईंनी स्पष्ट सांगितले की, मुख्याध्यापकांचे दुरुस्तीपत्र आणा, गुरुवारी, चौदा तारखेला, संध्याकाळी पाचपर्यंत. नाहीतर जागा पुढच्या मुलीला जाईल. मोतीबाई त्यासाठी आपल्याकडे आल्या, तर आपण म्हणालात, आधी पोरीकडून माफीनामा लिहून आणा. दुसऱ्यांदा आल्या, तेव्हा माझे अक्षर दाखवलेत.

त्या अक्षराविषयी आता सविस्तर लिहिते.

परिपाठाची नोंदवही आपण मला आठवीत दिलीत. प्रार्थनेच्या वेळी ज्याचे डोळे उघडे, ज्याचे हात सुटलेले, त्याचे नाव लिहायचे. पाच रकाने होते: तारीख, नाव, इयत्ता, बाब, कारण. ते मीच पट्टी ठेवून लाल शाईने आखले होते. मला नाव लिहायला आवडत असे, सर. हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. एरवी माझ्याशी कोणी बोलत नसे, नोंदवही हातात असली की मोठी मोठी मुलेदेखील येऊन म्हणत, "नूतनताई, आजना दिवस सोडी दे ना." मी सोडत नसे. आपण त्याला प्रामाणिकपणा म्हणत होतात.

दि. ३ ऑगस्ट २०२२, बुधवार. त्याच्या तीन दिवस आधी सोनलचे आजोबा वारले होते. देवाच्या फोटोसमोर दिवा लावून झाला, प्रार्थना सुरू झाली, आणि सोनल हात खाली सोडून उभी राहिली. मी पेन्सिल काढली. तिने हळूच सांगितले, "घरमा सुतक शे. दिवस व्हयेतक देवले हात जोडाना नई, अशे माय सांगस. तू नाव लिख, पन का नई जोडात, ते बी लिख."

तिच्या घरच्या बोलीत सुतकाला दुसरा शब्द असेल. मला समजावा म्हणून तिने आमचा शब्द वापरला. आणि 'नाव लिहू नकोस' असे ती म्हणाली नाही. नियम पाळायला ती तयार होती. तिची मागणी एका रकान्याची होती.

मी बाबीच्या रकान्यात 'प्रार्थनेस नकार' असे लिहिले. कारणाचा रकाना मोकळा सोडला. गुरुवारी तसेच. शुक्रवारी तसेच. कारण लिहिले असते, तर आपण विचारले असते, "तू काय तिची वकील आहेस?" आणि तेवढ्या एका वाक्याची मला भीती वाटली. एवढेच. याहून मोठे कारण मी तीन वर्षे शोधले, मिळाले नाही.

शुक्रवारी आपण तिला ओट्यावर बोलावलेत.

"हात जोड."

"सर, आते जोडता येत नई."

मागून कोणीतरी म्हणाले, "हातले मेंदी लायेल शे का वं?" सगळी शाळा हसली. आपणही हसलात. सोनलने ओट्यावरून माझ्याकडे पाहिले. तिला वाटत होते, मी लिहिले आहे. आता सर वही उघडतील, कारण वाचतील आणि सगळे नीट होईल. मी वहीत डोके घालून उभी राहिले. आपण म्हणालात, "एवढा माज असेल तर दाखला घेऊन जा."

हे वाक्य आपण आम्हा सर्वांना महिन्यातून एकदा ऐकवत होतात. गावातल्या पोरांना त्याचा अर्थ ठाऊक होता: संध्याकाळी वडिलांनी येऊन चार शब्द बोलायचे, चहा व्हायचा, विषय संपायचा. आंबापाड्याला हा रिवाज कोणी शिकवला नव्हता. तेथे मास्तर बोलला म्हणजे तो हुकूम. सोमवारी सोनलचे वडील, भुराकाका, डोंगर उतरून आले, कार्यालयाच्या दाराबाहेर चपला काढल्या आणि म्हणाले, "सर, दाखला लेवाले उनू." आपण त्यांना बसा म्हणाला नाहीत. का, असेही विचारले नाहीत. त्यांनी दाखला घेतला आणि जाताना आपल्याला वाकून हात जोडले. वडील वारून आठ दिवस झाले होते. जे हात त्या दिवसांत देवापुढे जोडायचे नव्हते, ते त्यांनी आपल्यापुढे जोडले. मी खिडकीतून पाहत होते.

आणि तरीही मी गप्प राहिले असते, सर, जर त्याच महिन्याच्या अखेरीस शाळेत गणपती बसला नसता. दुसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी आपण वर्गाबाहेर व्हरांड्यात उभे होतात, पायांत चपला घालून. मी ताट घेऊन आले, तेव्हा म्हणालात, "आज तूच कर, बेटा. आमचे थोरले काका गेले. मला सुतक आहे." प्रसादही घेतला नाहीत. आपल्याला कोणी ओट्यावर बोलावले नाही. आपले नाव कोणी वहीत लिहिले नाही. वही माझ्याच दप्तरात होती.

आपले सुतक ते सुतक, आणि सोनलचे सुतक तो माज. हे मला त्या क्षणी, हातात ताट असताना, लख्ख कळले. मी आरती केली. म्हणून लिहिते की, मी गप्प राहिले असते असे नाही; मी गप्पच राहिले. तीन वर्षे. चांगले गुण मिळवत.

आता आपण म्हणाल, सुतकाचे तेव्हाच कळते तर सूट दिली असती. कदाचित दिली असती, कारण ते कारण आपल्या घरातही चालते. परंतु सुतक नसते तर? तिने नुसते सांगितले असते की, हा देव आमच्या घरचा नाही, तर? एकदा ती मला गमतीने म्हणाली होती, "तुमना देव फोटोमा ऱ्हास, आमना डोंगरवर. आठली घंटा तठे ऐकू येत नई." त्या कारणासाठी आपल्या वहीत रकाना कधीच नव्हता. शाळा जिल्हा परिषदेची आहे, सर. भिंती सगळ्यांच्या आहेत. प्रार्थना संपली की त्याच ओट्यावरून मी संविधानाची उद्देशिका वाचत असे. 'श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य' हे शब्द मी त्या तिन्ही दिवशी सोनलचे नाव लिहून झाल्यावर दोन मिनिटांनी वाचले, स्वच्छ उच्चारांत. आपण उच्चारांचे कौतुक केलेत. येथे वर्गात अनुच्छेद अठ्ठावीस शिकवले गेले. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत कोणाला उपासनेला भाग पाडता येत नाही, असे बाईंनी समजावून सांगितले आणि मुलींनी ते उतरवून घेतले. मला उतरवता आले नाही. माझ्या डोळ्यांपुढे लाल शाईच्या रेघा होत्या.

मंडप बांधा अथवा न बांधा, ते ठरवण्याइतकी मी मोठी नाही. पण त्यात उभ्या राहणाऱ्या मुलांच्या हातांवर पहारा ठेवणारी एखादी नूतन आपण आजही नेमली असेल, आणि तीही आपल्याला आवडत असेल. तिला मोकळे करा. ती अजून लहान आहे.

आपण पत्रलेखन शिकवताना सांगत होतात की, 'आपली आज्ञाधारक' लिहिले नाही तर अर्धा गुण कापला जाईल. माझा तो गुण कधी कापला गेला नाही.

सोबत माझे सहीचे निवेदन जोडले आहे. दि. ३, ४ आणि ५ ऑगस्ट २०२२ च्या नोंदी माझ्या हातच्या असून अपुऱ्या आहेत, विद्यार्थिनीने कारण सांगितले होते आणि मी ते जाणूनबुजून लिहिले नाही, असे त्यात नमूद आहे. एक प्रत धुळ्याच्या प्रवेश खिडकीसाठी सोनलकडे दिली आहे, एक शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे याच पत्राबरोबर जात आहे. माझ्या अक्षराचा आधार आता आपल्याला उरलेला नाही. माफीनामा हवाच असेल तर तो याच पाकिटात आहे. लिहिणारीचे नाव तेवढे बदलले आहे.

बुधवारी, तेरा तारखेला, सकाळी परिपाठाच्या वेळी मी, सोनल आणि मोतीबाई शाळेत येऊ. दुरुस्तीपत्र तयार असावे, ही विनंती. नसेल तर मी ओट्यावर उभी राहून हे पत्र सगळ्या शाळेसमोर वाचीन. माझा आवाज फुटेल किंवा फुटणार नाही, सांगता येत नाही. पण या वेळी उरलेली वाक्ये आपण वाचू नयेत. ती सोनल वाचील.

काकूंना नमस्कार. अप्पांवर राग धरू नये; त्यांना यातले काही ठाऊक नाही.

आपली विद्यार्थिनी,
नूतन प्रेमराज देसले
(परिपाठ नोंदवहीतील नोंद लिहिणारी)

जळगावच्या टपाल कचेरीतून, स्पीड पोस्टाने, सोमवार दि. ११ ऑगस्ट २०२५, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी पाठवले.