डाव्या कानाची साक्ष

चोपडा,
पोळ्याचा दुसरा दिवस, १९९६

तीर्थस्वरूप आधारमामा यांना हिलालचा ताठ मानेने नमस्कार. (वाकूनच केला असता, पण डॉक्टरांनी आठवडाभर मान खाली घालायला बंदी केली आहे. यात उद्धटपणा काही नाही.) धुळ्यात तुम्ही, मामी आणि पोरं खुशाल असाल. मामींचे गुडघे पावसाने धरले नसतील अशी आशा करतो. इकडे आई बरी आहे, म्हैस बरी आहे आणि मी कालपरवापासून बरा आहे. सगळी अडचण या शेवटच्या गोष्टीमुळे झाली आहे.

मी जळगावचं कॉलेज अर्ध्यात सोडलं हे आईने तुम्हाला कळवलंच असेल, पण कारण चुकीचं कळवलं असणार. अभ्यास जमत नव्हता असं काही नाही. अकाउंटच्या सरांनी भर वर्गात मला खिडकीचा विद्यार्थी म्हटलं. मी उठलो, पुन्हा या वर्गात पाय ठेवणार नाही असं सांगितलं आणि दार आपटून बाहेर पडलो. ते दार अडगळीच्या खोलीचं निघालं. तास संपेपर्यंत मी मोडक्या बाकांमध्ये उभा राहिलो, कारण पुन्हा वर्गातून जायचं म्हणजे शब्द मोडला असता. (तुम्ही असता तर तुम्हीही हेच केलं असतं. आपल्याकडे शब्दाला किंमत आहे.)

तेव्हापासून मी रुपचंद आप्पांकडे केळीच्या ट्रकवर घड मोजून घेण्याच्या कामाला आहे. ट्रक अंगणात लागतो आणि वर आप्पांच्या घराची गॅलरी आहे. चढणारा घड मोजायचा तर मान वर करावी लागते, आणि मान वर केली की ज्योत्स्ना दिसते. (आप्पांची मधली मुलगी. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. जास्त लिहीत नाही, तुम्ही समजून घ्या.) पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं तेव्हा गॅलरी डावीकडून उजवीकडे निघाली, तिच्यामागे कडुनिंब निघाला आणि मग आभाळ. मी ट्रकचा साखळदंड धरून उभा राहिलो. प्रेमात असंच होत असणार असं समजून उन्हाळाभर कोणाला काही बोललो नाही. रात्री डाव्या कुशीवर वळलो तरी खोली फिरायची, पण तेव्हाही मी तिचाच विचार करत असायचो, म्हणून शंका आली नाही. शंका आली ती निंबा न्हाव्याच्या खुर्चीत. दाढीसाठी त्याने माझी मान मागे टेकवली आणि हुबेहूब तसंच झालं. निंबावर माझं प्रेम नाही.

मग आईने कांदा हुंगवला, लिंबू-मीठ दिलं, शेजारच्या झुंबरबाईंनी पित्त सांगितलं आणि कंपाउंडरने ताकदीचं इंजेक्शन टोचलं. ताकद आली. त्या ताकदीवर मी कामावर गेलो, मान वर केली आणि आप्पांच्या डोळ्यांदेखत घडांवर आडवा झालो.

इथे आप्पांचा स्वभाव सांगायला हवा. त्यांचे थोरले भाऊ दारूपायी गेले. तेव्हापासून आप्पा दारू पिणाऱ्याला पाणीसुद्धा देत नाहीत आणि गल्लीतलं दारूचं दुकान त्यांनी स्वतः उभं राहून उठवलं. त्यांनी खाली वाकून माझ्या तोंडाचा वास घेतला. वास आला नाही. माणूस तिथे थांबला असता, पण आप्पा पुढे गेले. वास नाही त्या अर्थी भारीतली असणार, आणि एवढ्या पगारात भारीतली पितो त्या अर्थी हा माझा माल विकत असणार, असं त्यांनी सगळ्या हमालांसमोर जाहीर केलं. मला राग आवरला नाही. मी उठून, मान जोरजोरात हलवून, हे साफ खोटं आहे असं सांगायला लागलो. मान हलवायला नको होती. दुसऱ्यांदा पडलो तो आप्पांच्याच अंगावर.

"हाऊ पोऱ्या पियेल शे," आप्पा म्हणाले, मी प्यायलेला ठरलो आणि विषय संपला.

संध्याकाळी ज्योत्स्ना मैत्रिणीबरोबर गणपतीच्या देवळाशी भेटली. मी तिला सगळं खरं सांगितलं, प्रेमासकट. ती थोडा वेळ चपलेने माती उकरत राहिली. मग म्हणाली, "मला पाहून पडतोस का पिऊन पडतोस, ते बाबांना पटवून दे. मी अजून नाही म्हटलेलं नाही."

दुसऱ्याच दिवशी पहिल्या गाडीने जळगावला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. (डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिकडे पाठवलं होतं. चष्मा देऊन मग पाठवलं.) तिथे मंदाबाई नावाच्या बाई काचेच्या खोलीत बसवतात, कानाला फोन लावतात आणि बारीक आवाज आला की बटण दाबायला सांगतात. मी ज्योत्स्नाच्या बोलण्याचा विचार करत असल्यामुळे आवाज बंद झाल्यावरही बटण दाबत होतो. मंदाबाई म्हणाल्या, एवढं तर कुत्र्यालाही ऐकू येत नाही. नंतर उताणं निजवून कानात गार पाणी सोडलं. मामा, छत जे सुटलं ते थेट चोपड्यापर्यंत गेलं असेल. डॉक्टर माझे डोळे पाहत शांतपणे "छान, छान" म्हणत होते. मी त्यांची कॉलर धरली. त्यांनी ती सोडवून घेतली आणि दुसऱ्या कानात गरम पाणी सोडलं.

शेवटी टेबलावर बसवून, मान डावीकडे वळवून, मला झटक्यात मागे पाडलं. डोळे गरागरा फिरले आणि रोग सापडला. कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या नळ्या असतात, त्यांतल्या डावीकडच्या एकीत चुन्यासारखे बारीक कण घरंगळत होते. मान वर केली की ते हलतात आणि डोक्याला वाटतं आपण फिरतोय. मग डॉक्टरांनी, बरणीतलं मीठ एका कोपऱ्यात आणावं तसं, माझं डोकं इकडून तिकडे वळवलं, कुशीवर घेतलं, उठवून बसवलं. म्हणाले, जा, झालं. मी गंमत समजलो.

चिठ्ठी आणली होती, पण आप्पांनी ती हातात घेतली नाही. त्यांचे भाऊही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणत असत. म्हणून न पिताही डोळे कसे फिरतात हे मी प्रत्यक्ष दाखवायचं ठरवलं. ओट्यावर खाट टाकली. आप्पा बॅटरी घेऊन उशाशी बसले, घरची माणसं दारात, हमाल पायऱ्यांवर, ज्योत्स्ना गॅलरीत. मी मान डावीकडे वळवली आणि स्वतःला मागे पाडलं. काही झालं नाही. पुन्हा पाडलं. गॅलरी जागच्या जागी, कडुनिंब जागच्या जागी. ज्योत्स्ना प्रथमच स्थिर आणि नीट दिसली. (जग फिरत नसतानाही तिच्याकडे पाहावंसं वाटतं, एवढी एक गोष्ट त्या दिवशी सिद्ध झाली. पण ती आप्पांच्या उपयोगाची नव्हती.) आप्पांनी बॅटरी विझवली.

"आज पियेल नही शे," ते म्हणाले.

मामींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. एवढं लिहून मान ताठ ठेवूनच थांबतो.

तुमचा भाचा, कॉलेजचा विषय सोडून सर्व बाबतीत आज्ञाधारक,
हिलाल

ता. क. आप्पा त्यापुढे आणखी एक वाक्य बोलले, ते वर लिहिलं नाही. म्हणाले, मामावर गेला. वरणगावच्या लग्नात ते होते. तुम्ही नवरदेवाच्या आधी घोड्यावर चढलात आणि पलीकडून उतरलात, हे त्यांनी पाहिलं आहे. तरी तुम्ही जळगावला येऊन कान तपासून घ्या आणि हा दोष आपल्या घराण्याचा आहे असं सांगा. घराण्यात असतो का, हे डॉक्टरांना मी तपासणीतच विचारलं होतं. ते म्हणाले, क्वचित असतो. क्वचितमध्ये आपण बसू.

ता. क. पत्र बंद करताना आईने सांगितलं की मामींचा निरोप आला आहे. तुम्ही हल्ली सकाळी भिंत धरून उठता, आणि आषाढापासून दारूला शिवलो नाही अशा शपथा घेता. मामींचा विश्वास बसलेला नाही. माझा बसला आहे. घोड्याचं राहू द्या, आधी तुम्ही या. सकाळी काही खाऊन येऊ नका, गार पाणी सोडतील तेव्हा टेबलाची कड धरा, मी शेजारी असेन. मात्र मामींना सोबत आणाच, मी आप्पांना आणतो. डॉक्टरांनी डोकं वळवायला घेण्याआधी दोघांना तुमचे डोळे पाहू द्या. बरं नंतर होता येईल.