बाही यंत्रात गेली त्याची हकिगत

तीर्थरूप मामांस,

जावयाचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जितकं वाकता आलं तितकंच). डोळ्याचं ऑपरेशन ठीक झालं हे ऐकून बरं वाटलं. डोळ्यांना ताण नको, हे पत्र मामींकडून वाचून घ्यावं. इकडे सगळं छान आहे. कारखाना बंद आहे, एवढं सोडलं तर.

घाबरू नका, सगळ्यांचे हातपाय जागच्या जागी आहेत. झालं असं, की पुठ्ठा कापायच्या मोठ्या यंत्रावरच्या आक्कांनी (तुम्ही ज्यांना तोफ म्हणता, त्या) सोमवारी यंत्र चालू करायलाच नकार दिला. पुठ्ठा आत ओढणाऱ्या रुळांवरची जाळी परत बसवा, मगच हात लावीन, म्हणाल्या. जाळीमुळे पुठ्ठा सरकवायला वेळ लागतो, म्हणून तुम्हीच ती काढायला लावली होतीत, हे मी त्यांना समजावलं. भीती वाटत असेल तर घरी बसा, असंही म्हणालो (फार गोड आवाजात म्हणालो, पण गोड आवाजाचा त्यांच्यावर काही परिणाम होत नाही). त्या घरी गेल्या नाहीत. दारातल्या स्टुलावर बसून त्यांनी फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी फॅक्टरी इन्स्पेक्टर हजर.

माणूस सज्जन. चहा नको म्हणाला, पण तेही हसून. मग विचारलं, जाळी कुठे आहे? आता अशा वेळी मी गप्प बसावं, असं तुमच्या मुलीचं लग्नापासूनचं म्हणणं आहे. मी म्हणालो, जाळी हवीच कशाला, सावध माणसाला काही होत नाही, दाखवतोच. आणि मेहुण्याच्या लग्नातला तो लांब बाह्यांचा सदरा अंगात असताना मी यंत्र सुरू करून पुठ्ठा आत सरकवला. पुठ्ठा गेला. पाठोपाठ बाही गेली. बाहीमागून मी निघालो होतो.

त्या क्षणाचं काही हसून लिहिता येत नाही, मामा. रूळ मनगटापाशी आले होते आणि मी दुसऱ्या हातानं बटण चाचपत होतो. बंद करायचं बटण खोक्यांच्या थप्पीमागे (जागा वाचते म्हणून थप्पी तिथे). आक्का उठल्या, थप्पीला खांदा लावून ती आडवी केली आणि बटण दाबलं. बाही खांद्यापासून फाटली, मी मागे आपटलो आणि इन्स्पेक्टर खोक्यांखाली गेला.

त्याला आम्ही बाहेर काढलं. मग आक्काच म्हणाल्या, "साहेब, तुम्ही एकदाच हात घातलात. मी दिवसभर घालते."

इन्स्पेक्टर कपडे झटकत म्हणाला, "कामगार सावध आहे की नाही, हे नंतर. तो चुकला तरी त्याचा हात शाबूत राहील, अशी सोय मालकानं करायची असते. कायदा तेच सांगतो. आणि धोका दाखवणाऱ्याला घरी बसवायचं नसतं." एका बाहीवर उभ्या माणसाला वाद घालायचा उत्साह राहत नाही. मी मान डोलावली.

आक्कांची सगळ्यांसमोर माफी मागितली. त्यांनी ती "बरं" एवढंच म्हणून ठेवून घेतली. नवी जाळी करायला टाकली आहे, बटणापुढची जागा मोकळी केली, पुठ्ठ्याची धूळ ओढणारा पंखाही येतोय. जाळी बसेपर्यंत यंत्र बंद, पगार चालू. मला रात्री झोप शांत लागते, हे मात्र खरं.

मामींना नमस्कार. प्रकृतीला जपा.

आपला,
जावई

ता. क. निघताना इन्स्पेक्टरनं विचारलं, मालक कोण? मी अत्यंत नम्रपणे सांगितलं, मी नुसता जावई, परवान्यावर अजून आमच्या सासऱ्यांचंच नाव आहे. तो म्हणाला, मग त्यांनाच भेटतो. शुक्रवारी सकाळी तुमच्याकडे येतोय. कृपा करून त्या दिवशी फिरायला जाऊ नका.

आणखी एक. कामगारांच्या वतीनं आक्काही येणार आहेत. या यंत्रानं आजवर कुणाला साधा ओरखडा काढला नाही, हे तुमचं नेहमीचं वाक्य त्यांच्यासमोर म्हणायचंच असेल, तर ते म्हणेपर्यंत अर्ध्या बोटाचा तो डावा हात तेवढा खिशात ठेवा.