सांडव्यापर्यंतचा शांत रस्ता

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६
आजपासून शांत.
काल काजलचा फोन. पुढच्या एक तारखेला तिची बाळंतपणाची सुट्टी संपते, डेपोत परत कंडक्टरच्या ड्युटीवर. सात महिन्यांची छकुली मग कुणाकडे? माझ्याकडे, की नांदुऱ्याला तिच्या सासूकडे, पुष्पाबाईंकडे? मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला. तर म्हणे, "आई, एक महिना कोणावर हात उचलू नको. उचलला तं छकुली सासूपाशी राहीन."
सगळं बारशामुळं. आचाऱ्याला झारा मारला, मान्य. पण भातात खडे होते. आणि झारा त्याचाच होता.
माझा स्वभाव मूळचा शांत. माणसं मध्ये येतात.
उपाय सापडला आहे. वरच्या डोंगरातल्या तलावाभोवतीचा रस्ता. नऊ किलोमीटर. दुकान नाही, हॉर्न नाही, माणूस नाही. माणूसच नाही तर मारायचं कोणाला? काजलची शाळेची सायकल माळ्यावरून काढली. मॅट्रिकला भूमितीत साठ मार्क होते, त्यामुळं नकाशा स्वतः काढला. घर, महादेवाचं देऊळ, तलावाची पाळ, सागाचं रान, सांडवा, घर. रोज एक फेरी, तोंडानं नमः शिवाय. महिन्यात स्वभाव थंडगार.

४ नोव्हेंबर
तीस वर्षांनी सायकलवर बसले. दोनदा पडले. दुसऱ्या वेळी सायकलनं मुद्दाम पाडलं. तिला लाथ घातली. सायकल माणसांत धरत नाहीत, आणि लाथ म्हणजे पाय, हात नव्हे. माझाच अंगठा सुजला.
घरी आल्यावर हे म्हणाले, "काजलची माय, तिचं काय चुकलं वं?" मी शांतपणे पाट फेकला. लागला नाही.

७ नोव्हेंबर. सकाळी ८
पाळीवर चार कुत्री. तीन पळाली. चौथ्यानं पदर धरला, मी त्याचा कान धरला. दोघंही सोडेनात. शेवटी हवा भरायचा पंप घातला त्याच्या पाठीत. काजल माणसांचं बोलली होती. कुत्र्याचा विषय निघाला नव्हता.
दवाखान्यात सिस्टर विचारते, "कोण कोणाले चावलं?" इंजेक्शन जोरात दिलं. मी तिचं मनगट धरून ठेवलं, एवढंच. धरणं आणि उचलणं यांत फरक आहे. बोटं उमटली, कारण तिची कातडी नाजूक.
बाकी दिवस शांततेत.

१० नोव्हेंबर, सोमवार
आज पहिल्यांदा सांडव्यापर्यंत पोचले. पाणी झुळझुळ वाहतं, त्यावर लहानसा फरशी पूल. पूल ओलांडला की फेरी पुरी. पुढचं चाक पुलावर घातलं आणि अंगावर काटा आला.
महादेवाची प्रदक्षिणा कुणी पुरी करतं का? अभिषेकाचं पाणी ज्या पन्हळीतून बाहेर जातं, ती ओलांडायची नसते. तिथूनच मागं फिरायचं. तलाव महादेवाचा. मग सांडवा म्हणजे त्याची पन्हळच की. आणि मी ती चपला घालून, सायकलवर बसून ओलांडणार होते!
त्याच पावली मागं फिरले. आल्या रस्त्यानं घरी. नऊचे सोळा किलोमीटर झाले, पण पाप टळलं. उद्यापासून हेच.

१३ नोव्हेंबर
रस्त्यावर माणसं निघाली. आमचे रिटायर इंद्रभान गुरुजी आणि त्यांचं सायकल मंडळ, सहा जण, तंग पँटी घालून. रोज पूर्ण फेरी मारतात. सरळ सांडव्यावरून! मी परत फिरते तेव्हा हे समोरून येतात. रस्ता एका बैलगाडीपुरता.
समजावून सांगितलं. गुरुजी हसले. "ताई, हा तलाव बहात्तरच्या दुष्काळात खोदला. माह्या बापानं इथं घमेले वाह्यले. देऊळ त्याच्यानंतरचं. सांडव्याले पाटबंधाऱ्याचा नंबर हाये, देव नाही."
मागचा एक टवाळ म्हणतो, "काकू, मंग पावसाळ्यात पाणी वलांडून जाते, त्या मासोळ्याईले पाप लागते काय?"
सगळे खी खी हसले. मी गुरुजींची घंटी नुसती धरली. सायकल त्यांनी पुढं नेली. घंटी माझ्या हातात राहिली. याला मारणं म्हणत नाहीत.
घंटी परत देईन. तूर्त देवघरात ठेवली आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार. उपास
ब्रेकचे रबर झिजले. दुकानात जाऊन नवे कशाला घ्यायचे? ह्यांची जुनी चप्पल होती. तिचे तुकडे कापून बसवले. चांगले बसले.
उतारावर लागले नाहीत.
गुरुजींचं मंडळ खालून चढत होतं. मी ओरडले, "बाजूले व्हा बे!" दोघं बाजूला झाले, तिसरा झाला नाही. तो, त्याची सायकल, मी आणि माझी सायकल, सगळे तुरीत. फुलावर आलेली तूर, चार ओळी आडव्या. शेतवाली कलाबाई खुरपं घेऊन धावत आली. म्हणे, "आंधळी हायेस काय वं?" तिनं आधी माझे केस धरले, हे लिहून ठेवते. त्यानंतर काय झालं ते दोघींनाही नीट सांगता येणार नाही. तिचा एक दात आधीपासूनच हलत होता.
गुरुजींनी मध्ये पडून सोडवलं. त्यांना कोपर लागलं. कोपर म्हणजे हात का? मॅट्रिकच्या शरीरशास्त्रात हात वेगळा, कोपर वेगळं.
ह्यांना सांगून ठेवलं, काजलला काही बोलायचं नाही. हे अंगणाच्या त्या टोकाला उभे राहून "बरं" म्हणाले. हल्ली तिथूनच बोलतात.

२१ नोव्हेंबर
आता कुणाशी वाद नको. बोललं की वाढतं. म्हणून न बोलता काम केलं. बाभळीच्या काट्या तोडून सांडव्याच्या पुलावर आडव्या टाकल्या. लोक आपणच परत फिरतील, त्यांना पुण्य, मला शांती.
फिरले नाहीत. चार टायर फुटले, एकाचं नाक. मी तेव्हा घरी पोथी वाचत होते. सत्तावीस पानं झाली. एवढं मन लागलं नव्हतं कधी. सायकलचा गुण.

२५ नोव्हेंबर
फोन. काजल म्हणते, "आई, आवाज खरंच शांत वाटून राह्यला तुहा." मी म्हटलं, महिनाभर माशी मारली नाही. माशी खरंच मारली नाही.
पाळणा बांधला. दहा किलो ज्वारी बांधून झोका देऊन पाहिला, कडी करकरत नाही. जुन्या सुती लुगड्यांची तीन दुपटी शिवली. मऊ आहेत, गालाला लावून पाहिली.
बारशाच्या दिवशी तिनं माझं बोट धरलं होतं. त्या झाऱ्याच्या गोंधळातही सोडलं नव्हतं. पुष्पाबाईंनी ओढून घेतली तेव्हा सुटलं. पुष्पाबाई चांगल्या आहेत, पण मूल जवळ घ्यायची त्यांना सवय नाही. पावडर फार लावतात.
पाच दिवस राहिले.

२९ नोव्हेंबर
उद्या काजल येणार, छकुलीला सोडायला. सोबत पुष्पाबाई. नऊ वाजता पोचतील. म्हणजे शेवटची फेरी पहाटे मारून वेळेत घरी.
उद्या मौन. एक शब्द नाही. शब्दच नसला तर भांडण कुठून? हे आधी का सुचलं नाही!

३० नोव्हेंबर, रविवार. दुपारी
जे झालं ते क्रमानं लिहिते, म्हणजे दोष कुणाचा ते कळेल.
सातला सांडव्यावर पोचले. मन पाण्यासारखं. मागं वळले, तर समोरून गुरुजी, आणि त्यांच्यापुढं एक नवी पोरगी. हेल्मेट, तोंडाला ओढणी बांधलेली, सरळ पुलावर. मी हात हलवून थांब म्हटलं. तिनंही हात हलवला. हसत होती बहुतेक, ओढणीत काय कळतं. मौन होतं, म्हणून सांगता येईना. मौन नसतं तर तोंडावरच भागलं असतं.
हेल्मेटच्या खाली, गालावर एकच दिली. सायकलसकट पडली.
ओढणी सुटली. काजल.
गुरुजींनी तिला आठवड्यापूर्वी फोन केला होता म्हणे. घंटी, कलाबाई, काट्या, सगळं. तिनं ते मानलं नव्हतं. गुरुजींना म्हणाली होती, "माही आई बदलली हाये, मी सोता पाहीन." म्हणून लवकर निघाली, मंडळातली सायकल मागून घेतली. आईसोबत सांडवा ओलांडायचा, काही होत नाही ते दाखवायचं, आणि मग घरी जाऊन छकुलीला पाळण्यात घालायचं.
ती रडली नाही. गाल धरून बसली. म्हणाली, "मीच सांगून राह्यलो होतो सगळ्याईले. बदलली म्हणून."
मी म्हटलं, "ओळखलं नाही वं तुले." मौन मोडलं.
ती म्हणाली, "मंग? दुसऱ्याची पोरगी असती तं चाललं असतं काय?"
याला उत्तर आहे. आत्ता आठवत नाही.
पुष्पाबाई रस्त्याकडेला वडाखाली उभ्या होत्या, छकुलीला कडेवर घेऊन. त्यांनी सगळं पाहिलं. मला वाटलं, आता टोमणा मारतील, मग मलाही बोलता येईल. त्या म्हणाल्या, "विहीणबाई, तुमच्या कोपरातून रक्त येऊन राह्यलं. धुऊन घ्या." एवढंच. काजलला उठवायला पुढं झाल्या.

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी
काजल ड्युटीवर रुजू झाली. छकुली नांदुऱ्याला. काल जाताना काजल म्हणाली, "दर रविवारी भेटायले ये. मी असीन तव्हाच."
हे ठीकच झालं. नांदुऱ्याला दवाखाने जवळ. माझ्या मागं पूजा, सायकल, घर, इतकं सगळं.
एक गोष्ट काल लिहायची राहिली. गाडीत बसण्याआधी छकुलीला घ्यायला मी वडाखाली गेले. घेण्यासाठी हात वर केला. तिनं डोळे घट्ट मिटले आणि मान पुष्पाबाईंच्या खांद्यात घातली.
डोळ्यावर ऊन आलं असेल.
वडाखाली सावली होती.