काहींच्या मते

ता. ४ फेब्रुवारी

चि. खारूस, मामाचे अनेक आशीर्वाद.

गुडघा बरा आहे, म्हणजे दुखतोच, पण आता त्याची सवय झाली. दर रविवारी तुझ्या आईकडे जातो. ती माझ्या चहात साखर घालू देत नाही आणि स्वतः दोन चमचे घेते.

आता कामाचं. गिरणीच्या ज्या फाटकाशी संपाच्या वेळी तुझ्या आजोबांना पोलिसांची गोळी लागली, तिथे नगरपालिका स्मृतीचा दगड बसवणार आहे. मी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, म्हणून मजकूर माझ्याकडे नजरेखालून घालायला आला. त्यात लिहिलंय, "काहींच्या मते मृत बॉयलरवाला दगडफेक करणाऱ्या जमावात होता." वाचून अंगावर पाल पडल्यासारखं झालं. कारकुनाला विचारलं तर म्हणाला, इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशातून उतरवलंय. अगं, तू तिथे प्रचालक ना? भांडणं सोडवतेस, लोकांना नियम शिकवतेस?

संपातही बॉयलरची भट्टी पेटलेली राहिली होती. ती विझवली नसती तर स्फोट झाला असता, म्हणून संघटनेनेच बाबांना चिठ्ठी देऊन आत पाठवलं. मी अकरा वर्षांचा, फाटकापर्यंत सोबत होतो. त्यांच्या हातात चिठ्ठी होती, दगड नव्हता. तेवढी ओळ काढ. एक तारखेला कोरायला घेणार आहेत.

आहे ती माया तशीच राहू दे.
तुझा मामा

ता. ११ फेब्रुवारी

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

गुडघ्याला शेक द्या आणि जिने चढू नका. प्रयोगशाळेत सध्या दोघांचं काम मी एकटीच करते, म्हणून उत्तराला उशीर झाला.

ज्ञानकोशातल्या त्या लेखावर लोक वाद घालतात ते चर्चापान गेले आठ महिने मी वाचतेय. शिसारी येते. एका पक्षाच्या लोकांना आजोबा हुतात्मा हवेत, दुसऱ्यांना दंगेखोर. तुमच्या चिठ्ठीची गोष्ट दोघांनाही नको. पहिले म्हणतील, संपात कामावर निघालेला माणूस आमचा कसा? दुसऱ्यांना, निरपराध माणूस मेला हे कबूल करावं लागेल. दोघांनाही झेंडा लावायला फक्त काठी हवी आहे.

पण मामा, मला त्या लेखाला हात लावता येत नाही. घरच्या माणसाबद्दल लिहायचं नाही असा नियम आहे, आणि आठवण हा पुरावा धरत नाहीत, छापील आधार लागतो. त्या ओळीला तुमच्या गावच्याच वर्तमानपत्राचा आधार आहे. तटस्थ राहायचं तर दोन्ही बाजू ठेवाव्या लागतात. रागावू नका.

लोभ आहेच, तो आटू नये ही विनंती.
तुमची खार

ता. १८ फेब्रुवारी

चि. खारूस आशीर्वाद.

रागावू नको म्हणतेस, पण रागावलोय. तटस्थ म्हणजे खऱ्याला आणि खोट्याला एकाच पंगतीत बसवायचं का? 'काहींच्या मते' असं छापायला आलं की मी समासात लिहायचो, कोणाच्या? नाव सांगा. नाव नसेल तर ओळ जायची.

जिने चढून त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलो. बातमीदार बाई सरळ आहे. जुनी कात्रणं काढली आणि ओशाळून म्हणाली की ती ओळ तिने तुमच्या ज्ञानकोशातूनच घेतली. म्हणजे तुम्ही तिच्याकडे बोट दाखवता आणि ती तुमच्याकडे. उबग आला. बाबांना एकदा गोळीने मारलं, आता हे रोज मारतात आणि वर नियम सांगतात.

मूळ ओळ कोणी घातली ते तरी शोध.
मामा

ता. २२ फेब्रुवारी

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

शोधायची गरज नव्हती. लेखाच्या इतिहासात प्रत्येक बदल नावासकट राहतो. ती ओळ नऊ वर्षांपूर्वीची आहे आणि ती मी लिहिली.

कॉलेजात होते, नवी होते. एक ज्येष्ठ संपादक म्हणाले, लेख एकतर्फी वाटतो. आपल्याच आजोबांना झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये, म्हणून मी दुसरी बाजू घातली. दुसरी बाजू कुठेच नव्हती. ते 'काही' म्हणजे मी. त्या वाक्यावर मला शाबासकी मिळाली आणि पुढे प्रचालकपद.

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हाच आठवलं होतं. तरी नियम पुढे केला. त्या भांडणाऱ्यांची शिसारी येते असं लिहिलं, पण निदान ते उघड खोटं बोलतात. मला माझीच किळस येते.

चर्चापानावर नावानिशी सगळं लिहिलं आणि पद सोडलं. हे पत्र नगरपालिकेत दाखवा, नाव झाकू नका.

लोभ ठेवा असं म्हणायचं तोंड नाही.
खार

ता. २ मार्च

चि. खारूस आशीर्वाद.

पत्र दाखवलं. दगडाच्या मजकुरातून ओळ गेली. ज्ञानकोशातूनही परवा कोणीतरी काढली.

काल आनंदाने तुझ्या आईला सांगायला गेलो. तिला ती ओळ ठाऊक होती. गेली नऊ वर्षं ठाऊक होती. मला कधी बोलली नाही, कारण तिला ते खरं वाटत होतं. म्हणाली, "लेक तिथे आहे. खोटं असतं तर तिने राहू दिलं असतं का?" बाबा गेले तेव्हा ती चार वर्षांची. चिठ्ठीचं सांगितलं तर म्हणते, दादा, तू मला बरं वाटावं म्हणून सांगतोस.

माझं ती ऐकत नाही. तिला तू लिही.
मामा