शेपटातली बॅटरी

अहो, ऐकताय ना?

उद्या सकाळी ट्रेलर येणार. तुमचं विमान पंख काढून त्याच्यावर बांधायचं, धावपट्टीवर न्यायचं, तिथे पुन्हा जोडायचं, आणि मग लायसन्स काढलेली आपली लेक केतकी ते उडवणार. एकटी! मला भीती वाटतेय हो. सांगू कोणाला? म्हणून तुम्हालाच लिहायला बसले, तुमच्याच शेडमध्ये, तुमच्याच स्टुलावर.

तुमचं बरं आहे. ड्यूटीवरून आलात, बूट काढलेत, छातीला हात लावलात आणि संपलं सगळं. अर्धं विमान आणि अख्खी काळजी माझ्या गळ्यात टाकून गेलात. असं जातात का कोणी?

न्हावा शेव्याच्या बंदरात क्रेन दुरुस्त करणारा माणूस घरामागे विमान बांधतोय म्हणून अर्धं पनवेल हसलं होतं. आता नव्या विमानतळाची मोठमोठी विमानं डोक्यावरून जातात, तरी शेजारचे काका विचारतातच, "वहिनी, तुमचं कधी?" मी हसते. हसते कसली, पदर तोंडाला लावून आत निघून जाते.

किती चिडायचे मी तुमच्यावर! खुर्चीला मऊ गादी लावा म्हटलं, नको. लाल रंग द्या म्हटलं, तर म्हणालात, "सुनंदा, रंगालाही वजन असतं." काहीही आणलं की तुमचा तोच प्रश्न. "याच्याशिवाय उडेल का?" उडेल. "मग राहू दे." माझा भाऊ बाळू करंजा गावाहून हौसेने सागवानी नक्षीची पट्टी घेऊन आला, ती बिचारी अजून आपल्या देवघरावर आहे.

स्वतःहून तुम्ही एकच बदल केलात. पायांची पेडलं नकाशातल्यापेक्षा जवळ घेतलीत. तेव्हा मी काही विचारलं नाही. परवा केतकी आत बसली आणि तिचे पाय अगदी बरोबर टेकले. माझ्यासारखेच आखूड पाय तिचे! तुम्ही बसला असतात तर गुडघे हनुवटीला लागले असते. म्हणजे उडवणार ती, हे तुम्ही आधीच ठरवलं होतंत? आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत? खुर्ची तरी एकच का हो ठेवलीत? दोन असत्या तर मी बसले असते तिच्या शेजारी.

आज सकाळी काय झालं ते ऐका. तुम्ही गेल्यावर उरलेलं काम बाळूने पुरं केलं. होड्या बांधणारा हात, लाकूडकामात कुठे नाव ठेवायला जागा नाही. आज वजन करायचं म्हणून तो मासळीबाजारातले तीन वजनकाटे घेऊन आला. प्रत्येक चाकाखाली एक काटा ठेवला. शेडभर सुकटीचा वास सुटला.

शेपटाच्या चाकाखालचा काटा बघून केतकी थबकली. "मामा, मागे एवढं वजन कसं?"

बाळूची छाती फुगली. "बॅटरी मीच मागं टाकली ना! पुढं लय गर्दी व्हती. आन् होरीचं तोंड वर नको काय? बोजा मागं असला तं लाटंवर चढतं. बुडत नाय."

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. "मामा, ही होडी नाही. शेपूट जड झालं तर नाक वर जातं आणि खाली येतच नाही. वेग संपतो. मग पडतं."

पडतं! मी खांब धरून खाली बसले. ज्या भाचीला बाळूने खांद्यावर बसवून जत्रा दाखवली तिचाच जीव जात होता त्याच्या मायेपायी. बॅटरीचे बोल्ट त्यानेच काढले, पण पाना दोनदा खाली पडला. बॅटरी तुम्ही आखलेल्या जागी परत बसवली, पुन्हा वजन केलं. केतकी म्हणाली, "बरोबर आलं." मी तिला तीन वेळा विचारलं, नक्की ना?

आणि गंमत बघा, माझ्या मुठीत तेव्हा देवीचा चांदीचा टाक होता. देवघरातून गुपचूप आणलेला. खुर्चीखाली ठेवून देणार होते, कोणाला न सांगता. बाळूला काय बोलू मी?

केतकीने पाहिलंच. "आई, काय आहे हातात? दे ना, खिशात ठेवते."

माझ्या तोंडून तुमचाच प्रश्न निघाला. "याच्याशिवाय उडेल का?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. डोळे भरले तिचे. "उडेल. पण आई, हा तर किती हलका आहे!"

"रंगालाही वजन असतं," मी म्हटलं. "राहू दे."

अहो, भीती काही गेलेली नाही. ती कशी जाईल? तुम्ही असतात तर तुमच्या दंडात नखं रुतवून उभी राहिले असते. आता एकटीच उभी राहीन धावपट्टीच्या कडेला, टाक मुठीत धरून. पण एक शब्द देते. तिला जा म्हणताना माझा आवाज कापणार नाही, आणि तिची तिन्ही चाकं जमिनीला टेकेपर्यंत मी डोळे मिटणार नाही. माझी भीती मी खालीच ठेवीन. तिच्याबरोबर वर पाठवणार नाही.

तुमची,
सुनंदा