पेन माझ्याकडेच

७ जानेवारी, मंगळवार
आजपासून बारमधल्या क्विझचा नवा सीझन. यंदा जिंकायचंच. जिंकणाऱ्या टीमचं नाव वर्षभर भिंतीवर झळकतं. ते रंगवायचं काम मी मालकीणबाई डार्लाकडून आधीच मागून घेतलंय. आमच्या ड्युलुथ गावात तीस वर्षं पेंटचं दुकान चालवलेला माणूस असताना दुसरा कोण रंगवणार? सोनेरी रंगाचा डबाही आणून ठेवला. टीमचं नाव : एल्डन आणि मंडळी. मंडळी म्हणजे बायको मार्लिस, मेव्हणा व्हर्लिन, शेजारीण लव्हॉन. उत्तरं लिहायचं पेन अर्थात माझ्याकडे.

१४ जानेवारी
आजचा विषय प्राणी. ऑक्टोपसला हृदयं किती? मार्लिस कुजबुजली, तीन. मी समजावलं, अगं, हात आठ, प्रत्येक हाताला रक्त नको? आठ लिहिलं. तीन निघालं. ऑक्टोपसच्या रचनेतच गडबड आहे. मार्लिसने तळलेल्या चीजची प्लेट एकटीने संपवली.

२१ जानेवारी, दुपार
संकल्प : यापुढे मंडळींचं ऐकायचं. आधी ऐकायचं, मग लिहायचं.

तोच दिवस, क्विझनंतर
कला. फ्रेस्को चित्र ओल्या गिलाव्यावर काढतात की कोरड्या? तिघंही म्हणाले ओल्या. नीट ऐकून घेतलं. मग कोरड्या लिहिलं. ओल्या भिंतीला रंग लावला की पापुद्रे निघतात, हे मी उभ्या गावाला सांगत आलोय. उत्तर : ओल्या. इटलीवाल्यांना मी दुकानात उभंसुद्धा केलं नसतं. व्हर्लिन म्हणाला, भावोजी, हात दुखला असेल, पेन द्या जरा इकडे. काळजी करतो बिचारा.

२८ जानेवारी
पुराणकथा, तीही नॉर्वेच्या देवांची! माझे पणजोबा नॉर्वेचे. जोकर इथेच लावला : बरोबर आलं तर दुप्पट गुण, चुकलं तर तेवढेच वजा. ओडिनच्या घोड्याला पाय किती? मार्लिस म्हणाली, आठ. मी हसलो. ऑक्टोपसच्या वेळी आठानेच हात पोळलेत, पुन्हा नाही फसणार. शिवाय घोडा देवाचा झाला म्हणून काय झालं? चार लिहिलं.
आठच होते.
येताना गाडीत मार्लिस म्हणाली, एल्डन, तू माझं कधी ऐकतच का नाहीस रे? मी म्हटलं, काय म्हणालीस? हीटरचा आवाज फार होता.

३ फेब्रुवारी
कसेबसे फायनलला पोचलोय. उद्या आहे. मंडळींनी परस्पर ठरवलं, पेन मार्लिसकडे. लव्हॉनने तर तोंडावर सांगितलं, तुम्ही फक्त बिअर मागवा. ठीक आहे. पेन नाही तर एल्डन नाही. बघू, कसे रडत येतात ते.

४ फेब्रुवारी, संध्याकाळ
कोट घालून, बर्फाचे बूट चढवून सोफ्यावर बसलोय. फोन आला की निघायला उशीर नको.

थोड्या वेळाने
फोन नाही. मग आठवलं, क्विझमध्ये फोनला बंदी असते. बिचारे, इच्छा असून करू शकत नाहीत.

आणखी थोड्या वेळाने
बूट काढले. पाय उकडले होते.

झोपताना
जिंकून आले. शेवटचा प्रश्न खाण्यावरचा होता म्हणे, आमच्या नॉर्वेवाल्यांचं लुटेफिस्क कुठल्या माशाचं करतात? कॉड. हे मलाही येत होतं! मार्लिसला इतकं हसताना मी किती तरी दिवसांत पाहिलं नव्हतं. बरं वाटलं. वाईटही वाटलं.

५ फेब्रुवारी
डबा आणि ब्रश घेऊन बारवर गेलो. म्हटलं, काही झालं तरी भिंतीवर नाव आपलंच. डार्ला म्हणाली, अरे, फायनलला टीमने नाव बदललं ना, तुला सांगितलं नाही? सांगितलं नव्हतं. माझं नाव अजून त्यात आहे, एवढं मात्र खरं.
शब्द दिला होता, म्हणून रंगवलं. सोनेरी, सुबक, माझ्याच हातचं : ‘एल्डनला पेन देऊ नका.’
मार्लिस मागोमाग आली होती, मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, त्यातलं ‘पेन’ जरा मोठं काढ.
काढलं.