बारा बाय चौदाचं घर

४ मार्च १९७४
कौंटीला, आमच्या जिल्ह्याला, शंभर वर्षं होतात म्हणून जुलैत दगड बसवायचा ठरला. जिथे पहिलं घर उभं राहिलं तिथे, पहिल्या माणसाचं नाव कोरून. कमिटीची सेक्रेटरी मीच. ठराव लिहून घेतेय तोवर ओट्टो ब्रिंकमन उठला – पहिलं घर म्हणे त्याच्या आजोबांचं. साठ वर्षं हा माणूस माझ्या बांधाला बांध लावून बसलाय. दलदल म्हणे यांनी उपसली, पहिला नांगर यांनी घातला, आता घरही यांचंच! जमिनीच्या कचेरीला पत्र टाकलं. कागद काय ते सांगतील.

११ मार्च
चादरी धुतल्या. दोरीवर गोठून त्यांचे पत्रे झाले. चिमटे काढून जुन्या घरात टाकले. चिमट्यांच्या खोक्याला आमच्याकडे आजीच्या वेळेपासून ‘जुनं घर’ म्हणतात. का, कोण जाणे.

३१ मार्च
कागद आले! तेव्हा अमेरिकन सरकार फुकट जमीन देई, पण तिच्यावर घर बांधल्याची शपथ घ्यावी लागे. माझे आजोबा नील्स टोर्विक शपथेवर सांगतात – ‘या जमिनीवर माझं घर आहे, बारा बाय चौदा, एक दार, एक खिडकी, वर लाकडी कौलं.’ ब्रिंकमनांची शपथ चार दिवस नंतरची. आणि आमच्या कागदावर साक्षीदार कोण? ‘घर मी डोळ्यांनी पाहिलं आहे – हेन्रिक ब्रिंकमन.’ ओट्टोचे सख्खे आजोबा! चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी ओट्टोला वाचून दाखवलं. दोनदा. तो केक अर्धा टाकून गेला.

तशीच वृद्धाश्रमात आईकडे गेले. अठ्ठ्याऐंशीची झाली, पण टोर्विकांची सून म्हणून मान अजून ताठ. म्हणाली, दगड बघते आणि मगच जाते. मग बराच वेळ उशीत तोंड घालून हसत होती. वय झालं.

२० एप्रिल
ओट्टो म्हणाला होता, पाया दाखव म्हणजे मानतो. आज स्वतःचं खोदयंत्र घेऊन आला. पहिल्या खड्ड्यात नळी फुटली. दुसऱ्यात दुसरी. दलदलीचं पाणी काढायला आजोबांनी जमिनीखाली मातीच्या नळ्यांचं जाळं घातलं, त्याच्याच जिवावर आमचा मका पिकतो. पाया कुठेच नाही. दुपारपर्यंत शेताचं तळं झालं आणि त्यात सात बदकं उतरली.

“शंभर वर्षांचं काम एका दिवसात बुडवलंस, हुल्डा.”
“खणलंस तू.”
“खणायला लावलंस कुणी?”

मग दोघांनी गुडघाभर चिखलात उभं राहून बदकं मोजली. जाताना म्हणाला, पाया सापडला नाही तर दगड त्याच्या फाटकापाशी बसेल. रागाने रडू आलं. आईला काय सांगू?

२१ एप्रिल
कागद पुन्हा वाचला. बारा बाय चौदा. बारा काय? चौदा काय? फूट लिहिलेलंच नाही! चाळीस वर्षं शाळेत मी पोरांचे गुण कापले – बारा काय, बारा गाई? आणि माझेच आजोबा सरकारी कागदावर एकक न लिहिता सुटले!

२१ एप्रिल, दुपारी
चिमट्यांचं खोकं मोजलं. बारा. चौदा. इंच.
एक दार आहे. एक खिडकी आहे. कौलंसुद्धा आहेत.

३ मे
ओट्टो फुटक्या नळ्या बदलायला आला. मग कॉफीला बसला आणि टोपी काढून ठेवली ती नेमकी जुन्या घरावर!

म्हणाला, “पाया नसू दे. आमच्या आजोबांनी घर पाहिलं म्हटलंय ना? मग होतं. ते खोटं बोलणारे नव्हते. दगडावर टोर्विक घाल.”

एवढं म्हणायला त्याला किती जड गेलं ते मला दिसलं. मी म्हटलं, आणखी केक घे. खोक्याचं सांगितलंच नाही. लाज वाटली, खरंच वाटली.

११ मे
नाव कोरायला दिलं. झोप नाही.

३० जून
पुढच्या रविवारी दगड. आज आईला सगळं सांगून टाकलं – घर म्हणजे खोकं, शपथ म्हणजे थाप, आणि ओट्टोने माझ्यावर विश्वास ठेवला. तिला काही नवलच वाटलं नाही. सगळं तिला पहिल्यापासून ठाऊक!

“अगं, हेन्रिकने पाहिलं म्हणजे पाहिलंच. त्यानेच तर बांधलं होतं,” ती म्हणाली. “नील्सनी कचेरीत शपथ घेण्यापुरतं, एका दिवसासाठी मागून आणून आपल्या जमिनीवर ठेवलं. सासूबाई शेवटपर्यंत म्हणायच्या, ब्रिंकमनांचं घर परत द्यायचं राहिलं.”

१ जुलै
पाथरवटाला फोन केला. नाव अजून कोरलं नव्हतं; म्हटलं, थांब. चिमटे बादलीत काढले. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत, म्हणून रुबार्बच्या आंबटगोड देठांची पेस्ट्री भाजली. जुन्या घरात नीट बसली. निघते, ओट्टोकडे.